हाताने चालणारी मस्टँग

“हा दांडा काढून खाली पायडल बसवून द्या, लगेच व्यवहार करू,” तिसरं गिऱ्हाईकही तेच म्हणालं आणि निघून गेलं.

इलाही मकानदारांचे पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. एकोणसत्तर सालच्या अमेरिकन मस्टँगचा ब्रेक आणि वेग त्यांनी उद्यमनगरातल्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये एका दांड्यावर आणला होता. तीस वर्षं ती गाडी त्यांनी हातानेच चालवली. आता खांदे थकले म्हणून ती विकायची होती, पण आहे तशीच.

चौथं गिऱ्हाईक जयसिंगपूरहून आलं, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर. शीतल चौगुले नावाच्या त्या शिक्षिकेने कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या आणि ती स्टीअरिंगमागे बसली. मकानदार स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसले.

“चाचा, माझी स्कूटर चाळिसाच्या वर जात नाही.”

“चाळिसाला ही नुसती जांभई देती, बेटा. दांडा खाली दाब. पुढं ढकललास की ब्रेक. हळू हां!”

तिने दाबला. इंजिनाने डरकाळी फोडली, मकानदारांची पाठ सीटला चिकटली आणि बघता बघता उद्यमनगर मागे पडलं. हायवेला लागल्यावर शीतल मोठमोठ्याने हसू लागली. मकानदार ओरडत होते. आधी भीतीने, मग निव्वळ आनंदाने.

“चाचा, दांड्यासकट पक्की! तुम्ही म्हणाल त्या किमतीला!”

“पक्की गं, पक्की! आधी समोरचा ट्रक बघ!”