सिनेगॉगची कौलं

टेम्पो सिनेगॉगच्या दारात लागला, तेव्हा सिपोराबाई झिराडकर उंबऱ्यातच बसून होती. "वादळानं छप्पर उडालं, मावशी," मुंबईहून आलेले विश्वस्त म्हणाले. "तोरा, आपला धर्मग्रंथ, ठेवायचं सागवानी कपाट आम्ही संग्रहालयात नेतो. तिथं तरी जपलं जाईल."

"आणि इथं?"

"इथं कोण उरलंय? गावातले सगळे बेने इस्रायल ज्यू देश सोडून गेले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तुम्ही एकट्या."

तिनं पदर कमरेला खोचला. "प्रार्थनेला लागतात. कौलं चढवायला कुणीही चालतं."

टेम्पो रिकामा परतला. दुसऱ्या सकाळी ती शिडी लावून स्वतःच छपरावर चढली. शेजारचा धर्मा नाखवा धावत आला. "बाये, पडशील! उतर खाली!"

"मग तू चढ."

तो चढला. त्याच्यामागून कोळीवाडा चढला, मोहल्ल्यातले गवंडी चढले.

पावसाआधी छप्पर पुरं झालं. त्या शुक्रवारी, सूर्य बुडून शब्बाथचा पवित्र दिवस लागायच्या आत, तिनं खोबरेल तेलाचा दिवा लावला. मागं वळली, तर दारात विश्वस्त बायकोमुलांना घेऊन उभे होते.

"आत येऊ का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाय पुसून या," ती म्हणाली, "फरशी आत्ताच धुतलीय."