सात पूर्णविराम

‘मी स्कूटर शिकले’ या कुमुदच्या इंग्रजी निबंधात पानभर एकच वाक्य होतं. जागोजागी ‘अँड’, आणि पूर्णविराम थेट शेवटी! महिला मंडळाच्या वर्गात बाईंनी लाल पेनाने त्यात सात ठिकाणी उभ्या रेघा मारल्या. “स्कूटरला ब्रेक लावता, मग वाक्याला का नाही? जिथे म्हणणं संपतं, तिथे पूर्णविराम द्या. एवढी घाई कसली?”

कुमुद ओशाळली. घरी जेवायला नऊ माणसं. तिथे श्वास घ्यायला जरा थांबलं की सासूबाई स्वतःचं काहीतरी सुरू करायच्या. बावीस वर्षं ती एका दमातच बोलत आली होती.

तिने सात पूर्णविराम दिले, नको ते ‘अँड’ खोडले आणि उभं राहून निबंध वाचला. प्रत्येक रेघेशी थांबली. कुणीही मध्ये तोंड घातलं नाही! बाईंनी तालुक्याच्या स्पर्धेसाठी तिचाच निबंध निवडला. कधी एकदा घरी जाऊन सांगते, असं तिला झालं.

सगळे जेवायला बसले. बातमी ओठांवर नाचत होती, पण आज कुमुद एवढंच म्हणाली, “माझा निबंध निवडला गेला.” मग ती थांबली. तिने सावकाश पाण्याचा घोट घेतला.

ताटातले हात थबकले. घास तसाच हातात धरून सासूबाई पुढे झुकल्या.

“अगं, थांबलीस काय? पुढे सांग की!”