मागची सीट

नवरा बोलत असताना मध्ये तोंड घालायची खोड सुनेला कुणी लावली, तेच अक्काताईंना कळेना. गॅरेजात चार गिऱ्हाइकांदेखत वैजू म्हणाली, "पंप चांगलाय." पंधरा वर्षं पाना धरलेल्या त्यांच्या मुरलीला!

गाडी जुनी, परदेशी. मागे माणसं बसली की ती आधी दबायची, मग तेलाच्या दाबानं आपसूक उठून सरळ व्हायची. आता दबली की तशीच राहायची. मुरली म्हणाला, तेलाला दाब देणारा पंप बदलू. वैजूचं म्हणणं, गाडी किती दबली हे कळवणारी खालची दांडीच गंजून अडकलीय. एवढं बोलून ती गाडीखाली शिरली आणि दांडी सोडवूनच बाहेर आली.

"मी बसते मागं," अक्काताई म्हणाल्या. "नाही उठली, तर पान्याला परत हात लावायचा नाहीस."

वैजूनं इंजिन चालू केलं. अक्काताईंच्या वजनानं गाडी दबली आणि तिथंच थांबली. मुरली गालात हसला. वैजूनं तेलकट फडकं मुठीत आवळलं.

सीटखाली काहीतरी सुस्कारलं. खिडकीबाहेरची भिंत हळूहळू खाली सरकू लागली. गुडघे धरल्यापासून पहिल्यांदाच अक्काताई कुणाचा हात न धरता वर चालल्या होत्या.

उतरून त्यांनी लुगडं झटकलं.

"वैजे, तुझं तोंड मला अजून पटत नाही. पण पाना आता तुझ्याच हातात राहील. भाकऱ्या मुरली थापंल."