पिवळा ठिपका

स्तनांची तपासणी घरच्या घरी कशी करावी, यावर वर्षालीने कॉलेजात पोस्टर केलं आणि पहिला नंबर पटकावला. काळेवाडीत घरी येऊन तिने आईलाही शिकवलं.

"बोटं फिरवून गाठ लागते का बघायचं. दर महिन्याला."

"मला सांगतेस? चाकणला कंपनीत दिवसभर पार्टवरून बोटंच फिरवते मी," आई हसली.

रविवारी आई आंघोळ करून आली आणि तिने कॅलेंडरवर पिवळ्या मार्करने ठिपका दिला. कंपनीत तपासून ओके झालेल्या पार्टवर देते तसाच.

"शाब्बास, आई!"

आईने मार्कर तिच्यापुढे धरला. "आणि पहिल्या नंबरवाल्या बाईंचा ठिपका कुठाय?"

वर्षालीने जीभ चावली. मार्कर तसाच आईच्या हातात ठेवून तिने दोरीवरचा टॉवेल ओढला.