कौलभट्टीचा कोळसा

मुलांनो, अशी कल्पना करा, की चेक देशातल्या एका गावात बर्फ पडतोय आणि व्लास्ताचे बाबा खिडकीतून घरामागच्या कौलभट्टीकडे बघत, डोक्याला हात लावून बसलेत. तपकिरी कोळशाचा ट्रक घाटात अडकलाय. भट्टी मध्येच विझली, तर आतली सगळी कौलं कच्ची राहणार.

"दोन घमेली कोळसा उरलाय गं," बाबा आईला म्हणाले. "आता आभाळातून पडला तरच!"

व्लास्ता विचारात पडली. तेवढ्यात दार वाजलं. मिकुलाशचा सण होता ना! त्या संध्याकाळी मिकुलाशबाबा आणि सैतान यांची सोंगं घरोघरी मुलांना भेटायला येतात. लांब पांढऱ्या दाढीचे मिकुलाशबाबा संत्र्यांची परडी घेऊन आत आले आणि त्यांच्या मागोमाग पाठीवर भलंमोठं पोतं घेतलेला, केसाळ, काळाकुट्ट सैतान.

"काय व्लास्ताबाई, वर्षभर शहाण्यासारख्या वागलात ना?" मिकुलाशबाबांनी विचारलं.

"आमची पोर म्हणजे गुणांची खाण!" आई कौतुकाने म्हणाली.

"अरेरे!" सैतान पोतं खुळखुळवत म्हणाला. "म्हणजे यंदाही इथे माझा कोळसा खपणार नाही. तो मिळतो फक्त वाह्यात पोरांना!"

व्लास्ताने एकदा बाबांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

 

मग तिने मिकुलाशबाबांची दाढी दोन्ही हातांनी खस्सकन ओढली, सैतानाला जीभ काढून दाखवली आणि दारामागची हातगाडी त्याच्यापुढे ढकलत म्हणाली, "भरा!"