जन्मभराची वस्तू

डॉक्टर येतानाच हातात नमुन्याचे दोन रॉड घेऊन आले आणि त्यांनी ते म्हाताऱ्याच्या खाटेवर, पायथ्याशी ठेवले. दोन्ही वीतभर लांब, दिसायला जवळजवळ सारखेच.

"यातला एक मांडीच्या हाडात बसवायचा," ते म्हणाले. "कुठला, ते तुम्ही ठरवा."

मुलानं दोन्ही उचलले, दोन तळहातांवर तोलून पाहिले आणि डॉक्टर काही सांगायच्या आतच म्हणाला, "हा टायटॅनियमचा."

"अरे वा. याच लाइनमधले का तुम्ही?"

"नाही हो. माझी सायकल आहे ना. तिची फ्रेम टायटॅनियमची आहे."

म्हाताऱ्याला तशाही अवस्थेत बरं वाटलं. पायाला वजन टांगलेलं, कूस बदलायची सोय नाही. बाथरूममध्ये पाय घसरला, असं आल्यापासून तो सगळ्यांना सांगत होता आणि मुलगा शेजारी उभा राहून मान हलवत होता. तसा पोरगा वाईट नव्हता. धावपळ सगळी त्यानंच केली, खुर्चीत बसल्याबसल्या झोपाही काढल्या. आणि आता तर विषयच त्याच्या आवडीचा निघाला होता.

वर्षभर घरात दुसरं काही कानावर पडलं नव्हतं. जेवताना टायटॅनियम, पाहुण्यांपुढे टायटॅनियम. ॲल्युमिनियम हलकं, पण खड्ड्यात गेलं की बसणाऱ्याचे सांधे खिळखिळे करतं. कार्बन त्याहून हलकं, पण एकदा आपटलं की आतून तडकतं आणि बाहेरून कळत नाही. स्टील दणकट, पण जड, शिवाय गंजतं. टायटॅनियमला बोट ठेवायला जागा नाही. "एकदाच घ्यायचं, पण चांगलं घ्यायचं. जन्मभराची वस्तू आहे, बाबा."

म्हाताऱ्यानं तेव्हा कडाकडा वाद घातला होता. उभा जन्म लेथ मशीनवर गेलेला माणूस तो, स्टीलची निंदा कशी ऐकून घेणार? "स्टीलला काय धाड भरलीय? सगळं जग त्याच्यावर चाललंय. तुला काय शर्यत जिंकायचीय? जायचंय तर ऑफिसात." मुलगा हसला होता, "तुम्हाला नाही कळायचं ते," म्हणाला होता, आणि सायकल घरात आली होती. बाहेर ठेवली तर कुणी उचलून नेईल म्हणून ती म्हाताऱ्याच्या खोलीत, खाट आणि दार यांच्या मधल्या जागेत उभी असायची.

आज मात्र म्हाताऱ्याला तो वाद हरायचा होता. मुलानं डॉक्टरांपुढे ते सगळं पुन्हा म्हणावं, अगदी पाल्हाळ लावून म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. रॉड कुठला का बसेना, पण ते पोराच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हाड दोन्हींनी जुळतं," डॉक्टर म्हणाले. "टायटॅनियम हलकं असतं, हाडाबरोबर थोडं लवतं, शरीरालाही चांगलं मानवतं. महाग असतं, ते तुम्हाला सांगायला नको. पण स्टीलनंही काम होतं."

"स्टीलचा टिकतो किती?"

"वीस-पंचवीस वर्षं तरी बघायला नको."

मुलानं बापाकडे पाहिलं. अगदी ओझरतंच. पण जन्मभर मापं घेतलेल्या माणसाला माप घेणारी नजर ओळखता येते.

"मग स्टीलचाच टाका," मुलगा म्हणाला. "स्टीलला काय झालंय? सगळं जग त्याच्यावर चाललंय. आणि यांना काय आता शर्यत जिंकायचीय?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शब्द न् शब्द त्याचा स्वतःचा होता, मग नाही म्हणायचं ते कुठल्या तोंडानं? मोडक्या हाडाची कळ बरी, असं त्याला झालं.

"एकदा बाबांना तरी विचार," खिडकीपाशी उभी असलेली सून हळूच म्हणाली.

"बाबांचं मत पाठ आहे मला. टायटॅनियम म्हणजे पैसेवाल्यांची थेरं. तुम्हीच म्हणता ना, बाबा?"

डॉक्टरच म्हाताऱ्यावर वाकले. "बोला आजोबा. कुठला टाकू?"

"तो म्हणतोय तोच."

"नक्की ना? टायटॅनियम काय असतं, ते माहीत आहे तुम्हाला?"

"न माहीत असायला काय झालं? घरातच आहे की. सायकल माझ्या खोलीत असते."

"हो का? मग कशी काय आहे?" डॉक्टरांनी हसून विचारलं.

मुलगा रॉड खाली ठेवता ठेवता थांबला. "बाबा, डॉक्टरांना घाई आहे," तो म्हणाला.

"चांगली आहे," म्हातारा डॉक्टरांकडेच बघत म्हणाला. "परवा अंधारात आम्ही दोघं बरोबरच पडलो. तिला ओरखडासुद्धा नाही आला. यानं लगेच दिवा लावून, चाकं फिरवून बघितलं ना."