स्टील बघायला चला

"शोरूम कुठाय?" शुभदा आंटीने विचारलं.

जेनेल जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. गाइड दिसावं म्हणून गळ्यात शिट्टी अडकवलेली. "कसलं शोरूम?"

"अगं, स्टीलचं! तूच ग्रुपवर टाकलंस ना, 'हॅमिल्टनला स्टील बघायला चला, एकदम फुकट'?" आंटीने खांद्यावरची पिशवी उघडून दाखवली. आत दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी. टोरोंटोहून तिच्याबरोबर आलेल्या बायकांच्या काखेतही घड्या घातलेल्या पिशव्या. "मला पोह्यांना मोठा डबा हवाय. ऊर्मीला कुकरची भांडी. फॅक्टरीतून डायरेक्ट घेतलं तर स्वस्तच पडणार की."

मघाशी पंपहाऊसमधल्या त्या राक्षसासारख्या जुन्या इंजिनासमोरून या बायका एवढ्या घाईने का सरकल्या, ते जेनेलला आत्ता कळलं. तिचं डोकंच फिरलं. गावभर सायकल हाणून तिने ही टूर जमवली होती. आधी पंपहाऊस, मग हा डोंगरावर चढणारा स्टीलचा जिना, वर बाग, बागेतून खाली अख्खं गाव, कारखाने, सरोवर. कुठेच तिकीट नाही. आणि ह्यांना डबे पाहिजेत.

"आंटी, स्टील म्हणजे डबे नाही. पूल, गाड्या, रूळ. ते स्टील."

"मग लोखंड म्हण ना!"

सगळ्या हसल्या. ऊर्मीने मान वर करून जिना बघितला आणि गुडघ्यावर हात ठेवला. "मी नाही बाई चढणार. मॉलला जाऊया का?"

"जा मग! सीरियसली, जा," जेनेल फाडकन बोलली. "मॉलमध्ये एसी पण असतो."

बोलली, आणि जीभ चावली. वर, जिन्याच्या शेवटी, पप्पा थांबणार होता. शिफ्ट संपली की घरी न जाता सरळ तिथेच. अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या तिने टूर काढायच्या म्हणून शाळेला टाटा केला, तेव्हापासून घरात रोज खडाजंगी. शेवटी पप्पाच म्हणाला, "एक शनिवार देतो गो बाय. माणसं शेवटपर्यंत टिकली तर मी शाळेचं नाव काढणार नाही. अर्ध्यातून पळाली, तर सोमवारी तू परत शाळेत."

बायका वळायला लागल्या होत्या. तेवढ्यात जेनेलला शुभदा आंटीची मूठ दिसली. आंटी काहीतरी बोटांत फिरवत होती.

"हातात काय आहे, आंटी?"

"मॅग्नेट. फ्रिजवरचा." नायगाराचं चित्र असलेला. "भांडं घेताना लावून बघायचा. चिकटला तर माल हलका. पुण्याला गेले की मी दुकानदाराच्या तोंडावर लावून बघते, काय समजलीस?"

"मग लावा की."

"कशाला?"

जेनेलने जिन्याच्या कठड्यावर थाप मारली. "ह्याला."

आंटीने लावला. टक्.

"चिकटला. हलका माल," आंटीने निकाल दिला.

"हलका?" जेनेलने दोन्ही हातांनी कठडा धरून जीव खाऊन ओढला. ढिम्म हलला नाही. मग पायरीवर दोन्ही पायांनी उडी मारली. "आंटी, तुमचा डबा चमकतो. हे वजन उचलतं. बर्फात, पावसात, सगळ्या गावाचं. तुमच्या सगळ्यांचं पण उचलेल."

"आमच्या वजनावर जातेस होय गं?" ऊर्मी म्हणाली.

"मी नाही. जिना."

ऊर्मीला हसू आलं. तिने आंटीच्या हातातून मॅग्नेट घेतला, दोन पायऱ्या चढली आणि बोल्टला लावला. टक्. मग दुसरीला तो पाहिजे झाला. मग तिसरीला. दिव्याचा खांब, टक्. जाळी, टक्. वरून एक गोरा पळत खाली येत होता, त्याला 'एक्स्क्यूज मी' म्हणून थांबवलं आणि त्याच्या पाण्याच्या स्टीलच्या बाटलीला लावला. घसरला.

"गुड क्वालिटी!" शुभदा आंटीने त्याला सांगितलं. तो थँक्यू म्हणून पळाला. बायका कठड्याला धरून हसल्या, मग दम खायला थांबल्या, मग पुन्हा चढल्या. जेनेलने शिट्टी एकदाही वाजवली नाही.

वर तिचा पप्पा, कास्मिर, उभा होता. कामाचे कपडे, हातात टिफिन. तो जिन्याकडे बघत राहिला. एकेक डोकं वर येत होतं. सगळ्यात शेवटी ऊर्मी, लालबुंद.

"सगळ्या?" त्याने विचारलं.

शुभदा आंटी लांब बोट दाखवत होती. "ते धूर येतोय ते काय?"

"तेच स्टील. पप्पा आत्ता तिथूनच आलाय." जेनेलने हात पुढे केला. "मॅग्नेट द्या."

ती खाली वाकली आणि मॅग्नेट पप्पाच्या बुटाला लावला. चवड्यावरचं कातडं झिजून बोटं वाचवणारी आतली स्टीलची पट्टी उघडी पडली होती. टक्.

कोणी हसलं नाही. बुटावर उलटा नायगारा.

"ह्यावर पडतं का हो काही?" शुभदा आंटीने हळूच विचारलं.

"पडतं कधी कधी," कास्मिर म्हणाला.

तो मॅग्नेट काढून द्यायला वाकला, तर आंटीने हातानेच नको म्हटलं. "राहू दे." मग जेनेलकडे वळली. "पण पुढच्या वेळी लोखंड लिही गं. नाहीतर बायका पुन्हा पिशव्या घेऊन येतील."

"नाही. स्टीलच लिहिणार." जेनेलने फोन काढला होता.

"गो बाय," कास्मिर म्हणाला, "सोमवारी..."

"सोमवारी पुढच्या शनिवारची तयारी," ती वर न बघता म्हणाली आणि पाठव दाबलं.

बायकांच्या पिशव्यांतले फोन एकदम वाजले. शुभदा आंटीने तिसऱ्या पिशवीतून फोन शोधून काढला आणि मोठ्याने वाचलं:

"स्टील बघायला चला. पिशव्या आणू नका. मॅग्नेट आणा."